बर्फाच्या गाडीचं टायमिंग

मस्कतजवळच्या माबेल्यातल्या आमच्या गॅरेजात एका सकाळी ट्रेलरवरून एक विचित्र वाहन उतरलं. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा. गॅरेजचा मालक, म्हणजे आमचा ओमानी अर्बाब, त्याच्याभोवती नवरदेवासारखा मिरवत होता.

"ये क्या है, अर्बाब?" मी विचारलं.

"बरफ का गाडी. टर्बो है."

"पण बरफ किधर है?"

"रेती है ना! बरफ फिसलता, रेती भी फिसलता. सेम-सेम."

त्याने मोबाइल काढून कुठल्याशा देशातला एक माणूस असली गाडी वाळूच्या डोंगरावर उडवताना दाखवला. मी हत्यारांची पेटी आणायला गेलो.

गॅरेजचे थोरले मेस्त्री म्हणजे आमचे चाचा, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. घर मासेमारीचं, त्यामुळे बर्फ म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे सुरमईखाली अंथरलेला चुराच यायचा. मी संगमेश्वरचा, माझी बर्फाशी ओळख गोळ्यापुरती. संध्याकाळी बायकोला फोनवर सांगितलं, की बर्फावरची स्कूटर दुरुस्तीला आलीय. ती म्हणाली, "उन्हात डोक्याला काहीतरी बांधत जा हो."

गाडी सुरू व्हायची, पण जरा जोर दिला की इंजिन भांड्यात चणे हलवल्यासारखं खडखडायचं. चाचांनी कान लावला आणि निदान केलं, "नॉकिंग. टायमिंग पुढे आहे रे."

पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. किती आधी, हेच टायमिंग. थंड मुलखात ती जरा लवकर पडली तरी खपून जातं. इथे हवाच तव्यावरची, आणि टर्बो ती दाबून आणखी गरम करून आत ढकलणार. अशा वेळी ठिणगी लवकर पडली तर एक दिवस पिस्टनलाच भोक. म्हणजे टायमिंग मागे घेणं आलं.

दुसरी भानगड गाडी थंड ठेवण्याची. हिचा पट्टा चालताना खालून बर्फ उडवतो आणि त्यावर इंजिनाचं पाणी गार होतं. आम्ही उडवणार काय? चाचा उठले आणि मासळीबाजारातून बर्फाची पेटी घेऊन आले. मागची बाजू साखळीने टांगली, पट्ट्याच्या वर बर्फ कोंबला आणि इंजिन सुरू केलं. पट्टा गरगरला आणि अर्ध्या गॅरेजवर गार चुरा आणि बांगड्याचे खवले यांचा वर्षाव झाला. चाचांच्या दाढीत बराच वेळ एक खवला चमकत होता. सांगितल्यावर म्हणाले, "असू दे. घरची आठवण."

आता टायमिंग लाइट. तिचा लखलखाट फिरणाऱ्या चाकावरच्या पांढऱ्या खुणेवर मारला की खूण थांबल्यासारखी दिसते. पण माबेल्याच्या उजेडात लखलखाट दिसेल कसा? शेवटी आम्ही दोघं इंजिनासकट एका चादरीखाली शिरलो. आत धूर, घाम आणि बांगडा.

"दिसली का?" चाचा ओरडले.

"चाचा, मला तुम्हीपण दिसत नाही!"

खोकत बाहेर यायचं, स्क्रू सैल करून ठिणगीची वेळ ठरवणारी कॉइलची प्लेट केसभर सरकवायची, पुन्हा आत शिरायचं. अर्बाब खुर्ची टाकून चहा पीत हे सगळं अगदी बारकाईने बघत होता. पुढचं सगळं त्या बघण्यामुळेच घडलं.

दुपारपर्यंत खडखड थांबली. पण अर्बाबचं तोंड उतरलं. "आवाज कमती हो गया. पॉवर कमती?"

"अर्बाब, इंजिन बचेगा," चाचा म्हणाले.

"इन्शाल्ला," तो म्हणाला, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

शुक्रवारी त्याने आम्हा दोघांना वाळवंटात नेलं. टेकड्यांच्या पायथ्याशी त्याच्या घरच्यांनी मोठा गालिचा अंथरला होता. त्यावर कहवा, खजूर आणि मधोमध अर्बाबची म्हातारी आई. आम्ही नमस्कार करून बर्फाची पेटी उतरवत होतो, तेवढ्यात अर्बाब गाडीवर बसला. गालिच्याकडे पाठ, टेकडीकडे तोंड. सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

त्याने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी त्याच्या हातातून हिसडा मारून परत गेली.

चाचा दचकले. "हे बरोबर नाही. अर्बाब, रुको!"

पण त्याने पुन्हा ओढली, इंजिन धडधडलं आणि त्याने विजयी हात उंचावून दुसऱ्या हाताने जोर दिला. गाडी उसळली आणि सरळ मागे सुटली.

अर्बाब टेकडीकडे बघतच आमच्याकडे येत होता. भाऊ, भावजया, पोरं, सगळे दाही दिशांना पांगले. आम्ही आजींना दोन्ही बाजूंनी उचलून बाजूला केलं. कहव्याचा पेला त्यांनी सांडू दिला नाही. पट्ट्याने गालिच्याची कड पकडली, हां हां म्हणता अर्धा गालिचा गिळला आणि गाडी गुदमरून बंद पडली.

आजी अरबीत काहीतरी म्हणाल्या. चाचांनी माझ्या कानात सांगितलं, "विचारतायत, थंड देशात लोक असंच उलटं जातात का?"

मी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मग अर्बाबच हसायला लागला आणि त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. सकाळी घरी, पॉवर वाढावी म्हणून, त्याने आमचं बघून प्लेट स्वतःच फिरवली होती. आम्ही फिरवली होती केसभर, त्याने भरपूर. ठिणगी इतकी आधी पडायला लागली, की वर येणाऱ्या पिस्टनला तिने वाटेतूनच परत ढकललं आणि इंजिन उलटं फिरलं. या जातीच्या इंजिनाला सुलट काय नि उलट काय, दोन्ही चालतं.

गालिचा ओढून काढायला अर्बाबने बाह्या वर केल्या. आम्ही ओढत होतो आणि आजी काठीने कुठून ओढायचं ते दाखवत होत्या. मग चाचांनी टायमिंग जागेवर आणलं, बर्फ भरला आणि या वेळी गाडी पुढे गेली. वाळूचा फवारा उडवत टेकडी चढली. खरं सांगतो, फार देखणी दिसली. बर्फ वितळेपर्यंत अर्बाबने कोणाला हात लावू दिला नाही.

शेवटची फेरी मात्र आजींनी मागितली. मुलाच्या मागे बसून, त्याची पायघोळ दिशदाशा मुठीत धरून, त्या सपाटीवर हळूहळू फिरून आल्या आणि उतरल्यावर सुनेला जेवण वाढायला सांगितलं. बकऱ्याचं मटण आणि भात गार झाला होता. गालिच्याच्या उरलेल्या अर्ध्यावर दाटीवाटीने बसून आम्ही तो चाटूनपुसून संपवला.

अजून हिवाळ्यात अर्बाब ती गाडी काढतो. टायमिंगच्या कव्हरला चाचांनी मात्र असा बोल्ट बसवलाय, की त्याचा पाना त्यांच्याशिवाय कोणाकडे नाही.