पालथं तपेलं

रोज सकाळी दात घासून झाले की झुलालभाऊ अंगणातल्या घंगाळात तोंड बुडवत. दोन्ही हात काठाला, डोळे मिटलेले. पंचा घेऊन शेजारी उभ्या असलेल्या कमलबाई, त्यांची बायको, आकडे मोजत. एकशे ऐंशीच्या आसपास भाऊ तोंड वर काढत आणि विचारत, "किती?" आकडा त्यांनाही ठाऊक असे. तरी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी तेव्हा एक तळं होतं. त्यात काही पडलं की झुलालभाऊंना बोलावणं येई. कधी कळशी, कधी कुऱ्हाड, एकदा सोनाराचा तराजू. शेती बेताची होती. गावात मान होता तो छातीतल्या श्वासाला. "तळ्याचा तळ म्हणजे झुलालभाऊंचं घर शे," असं लोक म्हणत, आणि भाऊ ऐकलंच नाही असं दाखवून ते नीट ऐकून घेत.

एकतीस सालच्या उन्हाळ्यात त्या घरात दुसरा माणूस शिरला. मगन तांबट, भाऊंहून दहा वर्षांनी लहान. राखेने घासलेला लोटा पालथा पाण्यात दाबला, तर आतून तळाला चिकटलेली राख कोरडीच राहते, एवढंच त्याने पाहिलं होतं. लग्नाच्या पंगतीचं सगळ्यात मोठं तपेलं त्याने घेतलं, काठाला कड्या ठोकल्या, कड्यांना जाळ्यांत भरून अर्धी गाडी दगड टांगले. आत बसायला एक आडवी फळी लावली. तळ्याच्या धक्क्यावर मोटेचं चाक होतंच. त्यावरून मोटेचा नाडा तपेल्याला बांधून त्याने बैल जुंपले.

पहिल्यांदा त्याने फळीवर पेटती चिमणी ठेवून तपेलं खाली सोडलं. बऱ्याच वेळाने वर ओढलं, तर चिमणी विझलेली, पण वात कोरडी.

"हिसक्याने विझली असेल," मगन म्हणाला, आणि पुढच्या खेपेला स्वतः बसला.

त्या उन्हाळ्यात गाव धक्क्यावर गोळा होई. मगन वर येई आणि पाहिलेलं सांगत बसे. मासे पायाच्या बोटांशी येऊन थांबतात. उजेड तिथे हिरवा असतो. आणि तळाशी बांधीव पायऱ्या आहेत, मोजून सात.

"वीस वर्षं बुड्या मारता भाऊ, पायऱ्यांचं कधी बोलला नाहीत?"

"मगन, भाऊंनी त्या घरातल्या समजून सांगितल्या नसतील," कोणीतरी म्हणालं. धक्का हसला. भाऊही हसले.

त्यांना पायऱ्या ठाऊकच नव्हत्या. पायाला लागायचे ते दगड, असं ते धरून चालले होते. श्वास संपायच्या आत वस्तू चाचपायची आणि निघायचं, यात बघायला सवड कुठली?

एका दुपारी मगन तपेलं नुकतंच खाली सोडून जेवायला गेला होता. भाऊंनी बुडी मारली आणि तपेल्याच्या आत डोकं काढलं. फळीवर बसले. मग त्यांनी पहिल्यांदा ते तळं पाहिलं. पायऱ्या खरोखरच सात होत्या. शेवाळ वाऱ्यावरच्या पिकासारखं हलत होतं. आपलं म्हणून सांभाळलेलं सगळं आपल्याआधी दुसऱ्याने डोळे भरून पाहिलं, हे त्यांना तिथे बसून कळलं. सवयीने ते मोजत होते. बारा शेकडे झाले तेव्हा कपाळ जड झालं. पंधराव्याला तपेलं कलल्यासारखं वाटलं, धाप लागली. चिमणी का विझली ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. आतली हवा वापरून संपत होती.

ते हळूहळू श्वास सोडत वर आले. मगन धक्क्यावर परतला होता.

"कसं आहे पाणी, भाऊ?"

"गार."

एवढंच बोलून ते घरी गेले.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली. भाऊंच्या थोरल्या बहिणीच्या, भिकुबाईंच्या घरची कानबाई म्हणजे सासऱ्याच्या आजापासून चालत आलेला नारळ. त्याला डोळे, नथ, साडी. सोमवारी वाजतगाजत तळ्यावर न्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा घरी आणायचा, अशी रीत. त्या सोमवारी भिकुबाईंनी धक्क्यावरून नारळ बुडवला आणि वर काढला, तेव्हा नथ नव्हती. नथीशिवाय देवी घरात कशी न्यायची? पाणी तर पावसाने गढूळ, हात बुडवला तर हात दिसत नव्हता.

भाऊंनी सदरा काढला.

"झुलाल, तू ऱ्हाऊ दे," भिकुबाई म्हणाल्या. "एका श्वासात चिखल कितीसा चाचपशील? मगनचं तपेलं शे ना."

भाऊंनी सदरा परत घातला.

मगन म्हणाला, "नाडा भाऊंनीच धरावा. मी खालून दोन हिसके दिले की ओढा."

भाऊ नाड्यावर हात ठेवून मोजू लागले. मगन खाली चिखल चाचपत असणार, दमून तपेल्यात श्वास घ्यायला येत असणार. दमलेल्याला हवा जास्त लागते, हेही त्यांना कळत होतं. बारा शेकडे झाले. पंधरा झाले. भिकुबाई पाण्याकडे बघत होत्या, सगळा धक्का पाण्याकडे बघत होता, भाऊंकडे कोणीच नाही. सोळा. सतरा. हिसके येत नव्हते.

अठराव्याला त्यांनी बैल हाकायला सांगितलं आणि तपेल्याची वाट न बघता उडी घेतली.

मगन पायऱ्यांवर कलंडलेला सापडला. त्याला उचलताना भाऊंचा हात चिखलात रुतला आणि बोटांना तार लागली. नथ होती. ती त्यांनी मगनच्या मुठीत कोंबली, मूठ आपल्या हाताने दाबून धरली, आणि दोघे वर आले.

मगनला शुद्ध यायला बराच वेळ लागला. मूठ उघडली तेव्हा बायकांनी कानबाईचं गाणं धरलं.

"झुलाल, तू वेळेवर उडी मारलीस," भिकुबाई म्हणाल्या.

वेळ पंधराव्या शेकड्यालाच होऊन गेली होती. हे भाऊंनी पुढे फक्त कमलबाईंना सांगितलं, तेही एकदाच. मगनला पंगतीत मानाचा पाट मिळाला. त्याने तपेलं पुन्हा पंगतींना दिलं आणि तळ्याचं नाव काढलं नाही. भाऊंना बोलावणी येत राहिली. पण मगन रस्त्याने गेला की त्यांचा चेहरा उतरे. सात पायऱ्या त्याने आधी पाहिल्या, ही सल त्यांनी शेवटपर्यंत जपली.

सेहेचाळीस साली भाऊंना दम लागू लागला. तरी घंगाळ चुकलं नाही. कमलबाईंचे गुडघे धरल्यापासून पंचा घेऊन मगनच येऊन उभा राही आणि मोजे. एका सकाळी भाऊंनी तोंड वर काढलं, बराच वेळ धापा टाकल्या.

"किती?"

"साठ झाले, भाऊ."

भाऊंनी पंचा घेतला, तोंड पुसलं.

"चाळीसच झाले, मगन. बरोबर मोजत जा."