आईला पाळण्यात एकटीला बसवण्याचा बेत

गर्दी टाळण्याचं शास्त्र बेळगावात माझ्याइतकं कुणालाच येत नव्हतं. (हे माझं मत. बेळगावला मी विचारलं नाही.)

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नुकताच लागलो होतो, लग्नही नवंच. लष्करी कॅम्पाजवळच्या मैदानावर दर उन्हाळ्यात प्रदर्शन भरायचं आणि त्यात भलाथोरला आकाशपाळणा. मागल्या वर्षी आई खास त्यासाठी येळ्ळूरहून आली होती. तासभर रेटारेटी सोसली, चप्पल घालवली, आणि नंबर जवळ आला तेव्हा नेमकी बसची वेळ झाली! त्यानंतर वर्षभर तिचं एकच चाललं होतं, "वरनं आपलं गाव दिसतंय म्हणं." सगळा जन्म तिनं शेतातून बेळगाव पाहिलं होतं. एकदा तिला बेळगावातून शेत पाहायचं होतं.

"यंदा तुला एकटीला बसवतो," मी छाती ठोकली. "गर्दी औषधाला मिळणार न्हाय!"

मग मी अभ्यासाला बसलो. सिनेमाचे खेळ कधी सुटतात, उद्यमबागेतली पाळी कधी सुटते, कॅम्पातले जवान बायकापोरांना घेऊन कधी बाहेर पडतात, सगळं वहीत उतरवलं. निष्कर्ष निघाला: मंगळवार, दुपारी दोन.

"त्या उन्हात कोण येतंय?" बायको म्हणाली.

"म्हणूनच तर!" मी म्हणालो. असा नवरा मिळाल्याचा अभिमान तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. (तिला तो जाणवला नसावा.)

मंगळवारी रजा काढून आई आणि बायको दोघींना येळ्ळूरहून घेऊन गेलो. मैदान मोकळं! "बघा," मी हात पसरले, "हाय का कोण?"

"कुत्रं हाय," बायको म्हणाली.

आम्ही तिकिटं काढून ऐटीत पाळण्यात बसलो. आईनं पदर खोचला, दांडा घट्ट धरला, डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला. "आलो का वर?"

आम्ही तिथंच होतो. पाळणेवाला बाजेवर आडवा झाला होता.

"आप्पा, सोडा की पाळणा!"

"तिघांवर?" तो उठलासुद्धा नाही. "समोरच्या बाजूला वजन नगं? एकीकडंच माणसं बसली तर चाक फिरंल व्हय? पंधरा-वीस माणसं येऊ द्यात."

"कधी येतील?"

"सांजंला या की. सांजंला लई गर्दी असती!"

"वहीत बघा," बायको गोड आवाजात म्हणाली, "ह्ये लिवलंय का कुठं."

आईनं मान वर करून पाळण्याचं टोक पाहिलं, मग हळूच विचारलं, "चारची बस हाय न्हवं आपली?"

ते ऐकल्यावर मी खाली उतरलो. मैदानभर फिरून एक फुगेवाला आणि एक झोपाळू आइस्क्रीमवाला पकडून आणला. पाळणेवाल्यानं दोघांकडं बघून मान हलवली. शेवटी मी त्याचा भोंगाच हातात घेतला.

"या, या, या! वरनं येळ्ळूरचा गड बघा!" कुत्रं उठून निघून गेलं. मी आवाज चढवला. "गोव्याचा समुद्र बघा! जहाजं बघा! फकस्त दुपारी! सांजंला पाळणा बंद!"

आणि काय सांगू! गळ्यात टेप लटकवलेले शिंपी आले, बसथांब्यावरचे प्रवासी आले, रस्त्यानं चाललेलं एक लग्नाचं वऱ्हाड टेम्पोसकट आत शिरलं! सांजंला येणारे सगळे दोनलाच आले. डबे भरले. माझ्या जागेवर नवरीचा मामा बसला. आणि पाळणा फिरला!

"दिसलं रं!" वरून आईचा आवाज आला. "गाव दिसलं! आपली म्हस दुसऱ्याच्या रानात शिरलीया!"

एवढ्या लांबून म्हैस दिसणं शक्य नाही. पण मी सगळ्यांना गोव्याची जहाजं दाखवली होती, तिची म्हैस कुठल्या तोंडानं नाकारू?

तेवढ्यात हवालदार आला. फाटकाबाहेर रस्ता तुंबला होता. "ए, यारो इवा? कोण रं ह्यो? कुणी बोलवली एवढी माणसं?" मी भोंगा पाठीमागं लपवला.

तेव्हा पाळण्याच्या टोकावरून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, आई अभिमानानं ओरडली, "माझ्या पोरानं, सायेब! एकट्यानं आणली समदी!"

"हो?" हवालदार म्हणाला. "मग रांग बी त्यानंच लावायची." आणि स्वतःची शिट्टी माझ्या हातात दिली.

दोघी चारच्या बसनं येळ्ळूरला गेल्या. मी दिवे लागेपर्यंत शिट्टी फुंकत गर्दी सरळ करत होतो.

पुढं मी त्याच फाउंड्रीत फोरमन झालो, हाताखाली तीस माणसं आली, घर बांधलं. पण येळ्ळूरात कुणी चौकशी केली की आई शेवटपर्यंत जरा हळहळूनच सांगायची, "आता आपली साधी नोकरी करतोय. आदी पाळण्यावर मोठा सायेब हुता!"