दुसरी सीडी

आज बाबांच्या पोथीचं लाल फडकं सोडलं, तेव्हा कापराच्या वासासोबत पानांमधून एक सीडी निघाली. वीस वर्षांपूर्वी ती मी घरभर शोधली होती.

आमच्या वडपे गावाच्या शेतांत गोडाऊनं उभी राहत होती तेव्हाची गोष्ट. श्रावणात बाबा देवळात पोथी सांगत, पण ऐकायला चार म्हातारेच उरले होते. एका दुपारी मी मित्रांसोबत अंतराळातल्या लढाईचा, हिंदीत केलेला, दोन सीडींचा सिनेमा लावला. बाबाही मागे मांडी घालून बसले. वनवासाला निघावं तसा आपला ग्रह सोडून गेलेला नायक सगळ्यांसाठी मेला आणि पहिली सीडी संपली. मित्र उठले.

"दुसरी लाव," बाबा म्हणाले. "मरणावर पोथी मिटत न्हाईत."

"बाबा, यो सिनेमा हाय, पोथी न्हाय. आता टीव्हीला आरती ओवाळतोस का काय?"

मित्र खदखदून हसले. बाबाही कसनुसं हसले आणि चपला घालून देवळाकडे गेले.

दुसरी सीडी मग सापडलीच नाही. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा विचारलं, "तो उठला का रं?" मला वाटलं, तापात बरळतायत. "झोप आता," एवढंच म्हणालो.

आज माझी मुलगी असल्याच नायकांसाठी रडते, त्यांच्या कथा मैत्रिणींना सांगते. पोथी ऐकणारे कुठे गेले, हे बाबांना माझ्याआधी कळलं होतं.

सीडी त्यांनी पानांत खुणेसारखी घातली होती. पुढचं वाचायचं राहिलं असलं की ते खूण घालत.