घोड्याच्या पारख्याने मोटार पाहिली

कोरीटच्या इंद्रसिंग गिरासेचा राग सगळ्या तापीकाठाला ठाऊक होता. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर आधी इंद्रसिंगबापूला दाखवायचा, आणि तो पाहत असताना विकणाऱ्याने तोंड मिटून उभं राहायचं, अशी रीतच पडली होती. कानस मारून म्हाताऱ्या घोड्याचे दात कोवळे करणारे, लंगडं जनावर पहाटेच फिरवून पाय मोकळे करून आणणारे, असले सगळे त्याने पाहिले होते. लबाडी सापडली की तो भर बाजारात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. विकणाऱ्याकडची दलाली सोडाच, तो त्याच्याकडचं पाणीही पीत नसे.

अशा माणसाला सदतीस सालच्या पौषात नंदुरबारच्या प्रेमचंद शेठजींनी बोलावलं, ते मोटार पाहायला!

शेठजींचा मिरचीचा मोठा व्यापार. त्यांचा मुलगा अमृतलाल नुकताच लग्न झालेला, आणि त्याला वेड लागलं होतं दोन माणसांच्या तांबड्या मोटारीचं. गुजरातेतल्या कुठल्याशा कुमारसाहेबांनी ती शर्यतीसाठी विलायतेहून आणवलेली. आता अकरा वर्षांनी त्यांना ती नकोशी झाली होती. गावात मोटारीचा मिस्त्री एकच, आणि त्याचं विकणाऱ्याशी साटंलोटं. इंद्रसिंग म्हणाला, मला त्या डबड्यातलं ओ की ठो कळत नाही. तर शेठजी म्हणाले, "बापू, मशीन तुमले नही समजस, पन लबाडी ते समजस ना?"

इंद्रसिंग यायला कबूल झाला. शिवाय या मोटारीत त्याचा स्वतःचा जीव अडकला होता. त्याचा एकुलता एक मुलगा नवलसिंग घोड्यांकडे पाठ फिरवून मोटार हाकायला शिकला होता. त्यावरून बापलेकांत तीन वर्षं धड बोलणं नव्हतं. आता अमृतलालने शब्द दिला होता, की गाडी घेतली तर ड्रायव्हर नवलसिंगच. आदल्या रविवारी पोरगा घरी येऊन बापासमोर उभा राहिला.

"बापू, गाडी लिधी ते मले आठेच नोकरी शे. नही ते मी सुरतले जासू, गिरणीमा."

इंद्रसिंग त्याच्यावर डाफरला, की तुझ्या नोकरीसाठी मी डोळ्यांवर कातडं ओढू काय? पण बायको मोतीबाईने रात्री जेवण वाढताना एवढंच म्हटलं, की म्हातारपणी पोर दाराशी असावं. त्यालाही तेच हवं होतं. गाडी चांगली निघावी, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि असं वाटतंय याचाच त्याला संताप येत होता.

गाडी गावाबाहेर, मिरच्या वाळत घातलेल्या पथारीच्या कडेला उभी होती. सकाळची वेळ, हाडं गोठवणारी थंडी. शेठजी, अमृतलाल, आणि आगगाडीतून नुकताच उतरून आलेला कुमारसाहेबांचा कारभारी असे तिघे उभे होते. नवलसिंग थोडा मागे, हातात फडकं घेऊन.

कारभाऱ्याने सुरू केलं, "साहेबांनी फार थोडी चालवली हो, नुसती सणावाराला..."

"तोंड बंद!" इंद्रसिंग गरजला.

तो गाडीभोवती फिरला. रंग नवा, चकचकीत. नवा रंग म्हणजे जखमेवरची झूल, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. मग आत वाकून त्याने पायाखालच्या पट्ट्या पाहिल्या. ब्रेकवरचं रबर झिजून आतलं लोखंड गुळगुळीत झालं होतं. सणावाराला चालवली म्हणे! हे तर दातच झाले, आणि या दातांना कानस मारायला कारभारी विसरला होता. चारही टायर नवे होते, पण मागे बांधलेलं जादा चाक जुनं होतं. त्याने त्यावरून हात फिरवला. एकाच कडेला झिजलेलं. नाल एका बाजूने झिजली, तर घोडा कुठे दुखावलाय ते पारखी वर शोधतो. तो मिरचीच्या धुळीत उताणा पडून गाडीखाली शिरला, आणि पुढच्या दांड्याला वाकडा जोड सापडला, वरून डांबर फासलेला. गाडी कुठेतरी आदळून मोडली होती. शिंका देत तो बाहेर आला, तेव्हा त्याची मुद्रा पाहून अमृतलाल दोन पावलं मागे सरला.

उठताना त्याने आधारासाठी बॉनेटवर हात टेकला, आणि झटक्यात काढला.

बॉनेट गरम होतं.

काचेवर दव तसंच होतं. मातीवर चाकाची ताजी खूण नव्हती. म्हणजे गाडी जागची हलली नव्हती, नुसती उभ्या उभ्या तापवली होती. लंगडा घोडा पहाटे फिरवून आणतात, तसंच! इंद्रसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हाई गरम जेनी करी तो चोर शे, शेठ! त्याले तुमना दारमा उभा ऱ्हाऊ देऊ नका! आज मोटार तापाडस, सकाय तुमना घरले आग लावी!" हे तो कारभाऱ्याच्या नाकासमोर बोट नाचवून बोलत होता.

कारभारी नवलसिंगकडे पाहत शांतपणे म्हणाला, "मी आत्ताच्या गाडीने आलो. मोटार काल इथे पोचली, आणि किल्ली रात्रभर या तुमच्या चिरंजीवांकडे होती."

शेठजींनी सावरायला पाहिलं. थंडी फार आहे, पोराने सहज सुरू केली असेल, असं काहीसं ते म्हणाले.

"कोनी गरम करी?" इंद्रसिंगने विचारलं.

"मी करी, बापू," नवलसिंग लगेच म्हणाला. त्याने मान खाली घातली नाही. "थंडी ऱ्हायनी ते अर्धा घंटा खोकस, धुव्वा फेकस. तुम्ही नही म्हनशात, म्हनीसन करी. मले आठेच ऱ्हावानं व्हतं."

बोललेला शब्द गिळायची सवय इंद्रसिंगला जन्मात नव्हती. तोंडून निघालं ते असं:

"शेठ, हाई गाडी नको. आन हाऊ ड्रायव्हरबी नको."

नवलसिंगने फडकं घडी करून गाडीवर ठेवलं आणि तो स्टेशनच्या वाटेला लागला. बाप त्याच्या पाठीवर ओरडत राहिला, की गिराश्याच्या पोटी असली अवलाद, मेला असतास तर बरं होतं. शेवटचं वाक्य पोराने ऐकलं की नाही, कोण जाणे.

पुढे तापीकाठी इंद्रसिंगचं नाव आणखी झालं. पोटच्या पोरालाही ज्याने सोडलं नाही असा पारखी, म्हणून लोक तोंडभर सांगत. असं कोणी तोंडावर म्हटलं, की तो त्याच्या अंगावर धावून जाई.

फाल्गुनात प्रेमचंद शेठजी स्वतः कोरीटला आले. अमृतलालने दुसरी गाडी घेतली होती, साधी, बिनशर्यतीची. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, नवलसिंग कुठे आहे? त्याला कामावर ठेवायचंय.

"त्या चोरले?" इंद्रसिंग उसळला.

शेठजीही तापले. "बापू, बाजारमा रोज पन्नास लबाड मन्हासमोर उभा ऱ्हातस. दहा दाव देवनी आन घाली तरी कबूल व्हत नहीत. तुमना पोर्‍या पहिलाच सवालले 'मी करी' म्हनना, बापनासमोर, नोकरी जाई हाई माहीत ऱ्हाईसन! असा मानूस मले तीस वरीसमा भेटना नही. मी त्याले ठेवनारच व्हतू. तुम्हीच नको म्हनात."

एवढं बोलून ते निघून गेले. चहाही घेतला नाही.

इंद्रसिंग ओट्यावर बसून राहिला. राग होता, अंगभर होता, पण तो कोणावर काढायचा ते त्याला सुचेना. शेवटी तो आत वळून म्हणाला, "सुरतनी गाडी कवय शे?"

मोतीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"सांजले शे. पन त्याना पत्ता शे का तुमनाजोडे?"

पत्ता त्याने विचारलाच नव्हता.