आईची खोली आणि मोजपट्टी

आमच्या परसातली खोली सरकारदरबारी अस्तित्वात नव्हती. आई मात्र गेले चार महिने तिच्यात राहत होती.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मोटारींच्या कारखान्यातल्या नोकरीपायी मी त्याआधी काही वर्षं चेन्नईला आलो होतो आणि आवडी नावाच्या उपनगराच्या पुढे एक बैठं घर घेतलं होतं. मिरजेचं घर विकून आई कायमची आमच्याकडे आली, तेव्हा तिला हक्काची जागा हवी म्हणून मागे खोली बांधली. “परसातल्या खोलीला कसला आलाय परवाना!” असं मीच छाती काढून म्हणालो होतो. (माझी छाती नको तिथेच पुढे येते.) मग नगरपालिकेची नोटीस आली : परवाना दाखवा, नाहीतर खोली पाडा.

“पाडली तर मी कुठे जाऊ रे?” आईने विचारलं. दुसऱ्याच दिवशी मी नगरपालिका गाठली.

कचेरीत खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला अर्ज चुकला, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर, तिसऱ्या खेपेला पुन्हा अर्ज चुकला. चौथ्या खेपेला नकाशात उत्तर दिशा दक्षिणेला निघाली! (नकाशा मीच काढला होता.) शेवटी दमून नकाशे काढणाऱ्या सेल्वमला शरण गेलो.

“सार, राहायची खोली म्हटलं की कागद फार,” तो म्हणाला. “स्टोअर रूम लिहू. साहेब बघायला येतील तेव्हा आत फक्त सामान दिसू दे.”

साहेब यायच्या दिवशी आईला देवळात धाडलं. मी आणि माझ्या बायकोने, वसुधाने, आईच्या कॉटवर मोडका कूलर, सायकल आणि तीन ट्रंका रचल्या. माझी कंबर धरली ती तेव्हापासून. सेल्वमबरोबर साहेब आले, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि खिशातून पेन काढलं. आता सही होणार, इतक्यात फाटकातून आवाज आला, “वांगो सार, वांगो!” म्हणजे ‘या साहेब, या!’

आई! हातात पत्रिकांचा गठ्ठा!

“इदु यार रूम, अम्मा?” ही खोली कुणाची, असं साहेबांनी विचारलं.

“एन्नोड रूम!” भाजीवालीकडून शिकलेलं सगळं तमिळ पणाला लावून आईने छातीवर हात ठेवला. “माझीच खोली! गुरुवारी वास्तुशांत आहे, जेवायलाच या. पुरणपोळी आहे!” आणि एक पत्रिका साहेबांच्या हातात दिली. वास्तुशांत केल्याशिवाय ही बाई नव्या जागेत निवांत झोपणार नाही, हे मला कळायला हवं होतं. पण पत्रिका छापल्या होत्या, आणि त्याही तमिळमध्ये, हे मला कुठे ठाऊक!

साहेबांनी पत्रिका सावकाश वाचली. “स्टोअर रूमची पूजा?”

“आमच्यात करतात, सार,” मी पुटपुटलो.

तेवढ्यात आईचं लक्ष आत गेलं. “अरे, माझ्या कॉटवर हा उकिरडा कुणी केला?” साहेबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी सगळं समजलं. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

साहेब माझ्यापेक्षाही दमलेले दिसत होते. “राहायची खोली असंच लिहा ना,” ते म्हणाले. “चारी बाजूंनी जागा पुरेशी सोडली असेल तर परवाना मिळतो. खोटं कशाला?”

मला इतकं हायसं वाटलं, की छाती पुन्हा पुढे आली. “मोजा, सार! अख्खा प्लॉट मोजा! आमच्याकडे लपवाछपवी नाही!”

सेल्वमने माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून पडला असेल.

मागची खोली मोजली, ती चोख निघाली. मग मोजपट्टी पुढच्या अंगणात गेली आणि मला दरदरून घाम फुटला. सोफा मावेना म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच हॉल चार फूट पुढे ओढला होता. परवाना? हॉलला कसला आलाय परवाना!

महिन्याभराने एकाच पाकिटातून दोन कागद आले. आईच्या खोलीला परवाना, माझ्या हॉलला नोटीस. आईने तिचा कागद देवापुढे ठेवला आणि माझा वाचून दाखवला.

“हॉल पाडला की बसायला माझ्याकडे या हो,” ती म्हणाली. “संकोच करू नका.”

गेलो. आजही या घरात निर्धास्त बसावं अशी तेवढी एकच जागा आहे, आणि तिथे शिरण्याआधी मी, घरमालक, चपला काढून विचारतो, “आई, येऊ का?”