बंडीतलं वजन

“अहो काका, बंडीत काय भरून आणलं?” सिस्टर पाय धरून ओरडत होती. वर्ध्याच्या दवाखान्यात स्कॅनच्या आधी घडीवाल्या काकांनी बंडी काढून टेबलाच्या कडेला ठेवली होती. ती सिस्टरच्या पायावर अशी धाडकन पडली, की शेजारच्या वॉर्डातले तीन पेशंट उठून बसले. त्यातला एक तर महिनाभर उठला नव्हता. मी बंडी उचलली. आतल्या चोरखिशातून दोन किलोचं एक आणि किलोची दोन लोखंडी वजनं निघाली. काकांच्या केळझरच्या किराणा दुकानातली.

मी वाढवून सांगतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण या चार किलोंत मी एक ग्रॅमही घातलेला नाही.

काका शंकरपटातले घडीवाले. बैलजोड्या सुटल्या, की झेंडीपासून रेघेपर्यंतचा वेळ त्यांच्याच घड्याळानं मोजायचा. एकदा त्यांच्या सख्ख्या साळ्याची जोडी पापणी लवायच्या फरकानं हरली. बटण जरा आधी दाबलं असतं तर काय बिघडलं असतं, असं साळा म्हणाला. काका म्हणाले, “घडी कोणाची सोयरी नसते.” साळा दोन वर्षं जेवायला आला नाही. तिसऱ्या वर्षी आला, तर त्याला यायला किती मिनिटं उशीर झाला तेच काकांनी आधी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात गाठी आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिम्फोमा आहे. कॅन्सरच, पण संथ चालीचा. औषध आज नाही. घाई करून आयुष्य वाढेल असं नाही. दर तीन महिन्यांनी या. वजन उतरलं, ताप आला, रात्री घामानं अंथरूण भिजलं, की सांगा. आम्ही गारच पडलो. कॅन्सर आहे आणि दवा नाही? काका एकटे खूश. “झेंडी पडल्याबिगर जोडी सोडाची नसते. बाई पटातली दिसते.”

पुढे गरज पडली तर द्यायच्या औषधाचीही जोडीच होती, बाईंनी समजावलं. अँटिबॉडी सलाइनमधून सावकाश जाऊन रोगट पेशी हुडकून धरते आणि केमो त्यांना मारते. पहिल्या दिवशी दोन्ही, दुसऱ्या दिवशी नुसती केमो, मग अठ्ठावीस दिवसांनी पुढचा फेरा, असे सहा. “एक बैल धरते, दुसरा ओढते,” काका म्हणाले. “बरोबर हाय.”

दर खेपेला मी एसटीत त्यांच्या शेजारी बसून जायचो. काट्यावर वजन तेवढंच. घाम? “नाई.” ताप? “नाई.” गाल आत गेले होते, पण काटा खोटं कसं बोलेल? नागपूरचे मोठे डॉक्टर काकांना बघायला रांग लावतात, असं मी गावभर सांगत सुटलो. शेवटी बाईंच्या हाताला पोटात मोठी गाठ लागली. त्यांनी स्कॅन सांगितला आणि बंडी पडली.

वजनं टेबलावर ठेवून बाईंनी एवढंच विचारलं, कधीपासून?

“होळीपासून.”

पोळा होऊन गेला होता. साळ्यासाठी पापणीएवढा वेळ न चोरणाऱ्या माणसानं स्वतःसाठी सहा महिने चोरले होते. काका जमिनीकडे बघत म्हणाले, “झेंडी पडत नाई तोवर कोणी हारत नाई, बाई.”

त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. पहिल्याच सलाइनला काकांना हुडहुडी भरली. सिस्टरनं ते थांबवलं आणि मग अगदी हळू सोडलं. काका घड्याळ हातात धरून थेंब मोजत होते. “नवा बैल पह्यले बिचकतेच,” मलाच धीर दिला त्यांनी. दोन फेरे झाले. तिसऱ्याला तीन दिवस उरले असताना ताप चढला, तो उतरलाच नाही. ते सहा महिने हातात असते तर? बाईंना विचारलं. सांगता येणार नाही, म्हणाल्या.

तेरवी झाल्यावर काकूंजवळ बसलो. म्हटलं, मी शेजारी बसूनही आंधळा. पण बंडी रोज तुमच्या हातात. चार किलो लोखंड तुम्हाला कसं कळलं नाही?

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

“खिसा मीच शिवून देल्ला.”