कोरफडीची बरणी घेऊन यशवंतपूरला

माझ्या घरगुती क्रीमची मला भारी मिजास होती. कोरफडीचा रस, बदामाचं तेल आणि टिकावं म्हणून रोझमेरीचा अर्क. लेबलवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’. मग एका बरणीत हिरवी बुरशी निघाली. त्याच खेपेचं क्रीम माझी धाकटी बहीण मुग्धा पाच महिन्यांच्या बाळाच्या गालांना लावत होती. तिला ते टाकायला लावलं, अर्क दुप्पट घालून नवं दिलं, तरी मला चैन पडेना. बंगळुरूला वनस्पतींपासून प्रिझर्वेटिव्ह बनवणाऱ्या सुमित्राअक्कांचं नाव एका ग्रुपवर वाचलं होतं. त्यांना फोन केला आणि नव्या खेपेची बरणी पिशवीत टाकून निघाले.

पुण्याहून थेट बंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनची गाडी मिळते, पण रोज नसते; आधी बघून ठेवा. स्टेशनबाहेर सेट डोसा खाल्ला, लुसलुशीत, सोबत सागू, म्हणजे भाज्यांचा दाटसर रस्सा. रिक्षावाले मीटरच्या दीडपट मागतात, तेव्हा ॲपवरूनच बोलवा.

अक्कांचं दोन खोल्यांचं युनिट बाजाराच्या मागे आहे. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. चक्रीफुलापासून केलेली त्यांची प्रिझर्वेटिव्हची पांढरी पूड बघायला मी आतुर, पण त्यांनी आधी दाखवली ती नासलेल्या बरण्यांची फळी. प्रत्येक खेपेतली एक बरणी शेजारच्या न्हाणीघरात जाते. महिनाभर रोज तिच्यात ओलं बोट बुडवायचं, अंगाला मात्र लावायचं नाही. नासली की तारीख टाकून फळीवर. आपली फजिती अशी मांडून ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ती फार आवडली.

माझी बरणी त्यांनी हुंगली. “रोझमेरी तेलाला राखते, खवट होऊ देत नाही. पाण्याला कोण आहे? कोरफड म्हंजे सगळं पाणीच की.”

मग तुमची पूड मी यात मिसळते, म्हटलं. त्यांनी क्रीममध्ये आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवून मान हलवली. पूड चालायला क्रीम थोडं आंबट लागतं, माझं नव्हतं.

“झाडाचं आहे म्हणून कुठंबी चालतंय असं नाही. पहिलं बहिणीला फोन कर. बाळाला नुसतं तेल लावू दे, स्वल्पच. सरी, बरं का?”

जिन्यात उभी राहून फोन केला. दुप्पट अर्काचा काही उपयोग नाही, माझं चुकलं, क्रीम बंद करून नुसतं तेल लाव, असं सांगितलं. ‘बरं’ म्हणून मुग्धाने फोन ठेवला. परतीच्या गाडीत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी येऊन सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या, क्रीम नेलेल्या प्रत्येकीला कळवलं. आता अक्कांची पूड, लिंबूसत आणि पट्ट्या आणल्यात, पण महिनाभर ओली बोटं सोसल्याशिवाय एकही बरणी द्यायची नाही. मग बदामतेलाची बाटली घेऊन मुग्धाकडे गेले. तिने दोन थेंब बाळाच्या गालांना चोळले.

“ताई,” ती म्हणाली, “तू फोन केला नसतास, तर नवं क्रीमही तसंच आहे हे मला कधी कळलंही नसतं.”